जुन्या संगणकांचे एम्युलेटर : अधिकृत प्रत आणि भ्रष्ट प्रत

१

प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासात ‘शुद्ध प्रत’ आणि ‘भ्रष्ट प्रत’ हे शब्दप्रयोग जितक्या सहजतेने केले जातात, तितक्या सहजतेने त्यांची लक्षणे सांगता येत नाहीत. हीच अडचण गेल्या काही दशकांत एका अगदी निराळ्या क्षेत्रात उपस्थित झाली आहे. बाजारातून नाहीसे झालेले संगणक आजच्या संगणकावर पुन्हा चालते करणाऱ्या ज्या आज्ञावली आहेत, त्यांस एम्युलेटर असे म्हणतात. या एम्युलेटरच्या, आणि त्यांच्या जोडीने लागणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरच्या, असंख्य प्रती प्रचारात आहेत. त्यांपैकी काही अधिकृत आहेत, काही अनधिकृत; काही निर्दोष, काही सदोष; आणि काहींत तर परकी, प्रसंगी अपायकारक, आज्ञावलीही घुसडलेली असते.

या प्रतींविषयी जी चर्चा होते तीत दोन प्रश्नांची गल्लत झालेली आढळते. प्रत बाळगण्याचा व वाटण्याचा अधिकार कोणास आहे, हा एक प्रश्न. प्रतीतील पाठ मुळाशी जुळतो किंवा नाही, हा दुसरा. पहिला कायद्याचा आहे, दुसरा पाठचिकित्सेचा. हक्कदाराने स्वतः दिलेली प्रत पाठाच्या दृष्टीने सदोष असू शकते, आणि हक्कावाचून केलेली प्रत अक्षरशः निर्दोष असू शकते. तेव्हा ‘अधिकृत म्हणजे शुद्ध’ हे समीकरण टिकण्यासारखे नाही. मग भ्रष्ट प्रत म्हणावयाचे ते कशास? या प्रश्नाचा विचार येथे मुख्यतः एका सुपरिचित संगणकाच्या, म्हणजे ब्रिटनमधील झेडएक्स स्पेक्ट्रमच्या, आधारे केला आहे.

२

एम्युलेशन ही कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा ग्राहकांच्या जुन्या १४०१ संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावली वाया जाऊ नयेत म्हणून नव्या यंत्राकडून जुन्या यंत्राचे सोंग वठवून घेण्याची सोय तीत करण्यात आली होती. पुढे घरगुती संगणकांचा काळ आला आणि सरला. त्यानंतर ही सोय व्यापाराची न राहता जतनाची झाली.

स्पेक्ट्रम हा संगणक सिंक्लेअर रिसर्च या केंब्रिजच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये विक्रीस आणला. त्यात झेड८० जातीचा प्रोसेसर असून १६ किलोबाइटचे रॉम, म्हणजे कायमची कोरलेली स्मृती, होते. यंत्राची बेसिक भाषा, पडद्यावरची अक्षरे, ध्वनिफितीवरून मजकूर वाचण्याची रीत, हे सर्व त्या १६,३८४ बाइटांत सामावलेले आहे. स्पेक्ट्रमचे अनुकरण करू पाहणाऱ्यास तीन वस्तू लागतात : यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली, म्हणजे खुद्द एम्युलेटर, रॉमची प्रत, आणि जे कार्यक्रम किंवा खेळ चालवावयाचे त्यांच्या फितींच्या प्रती. ग्रंथव्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर एम्युलेटर हा वाचक, रॉम हे व्याकरण आणि फीत ही संहिता होय. यांपैकी कोणत्याही एकात बिघाड झाला तरी पडद्यावर उमटणारा पाठ बिघडतो. आणि बिघाड नेमका कोठला, हे वरवर पाहून कळत नाही.

३

प्रथम रॉमचा विचार करू. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये काही उपजत दोष आहेत. इयन लोगन आणि फ्रँक ओहारा यांनी १९८३ मध्ये या रॉमचे संपूर्ण विवरण ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हापासून ते दोष सर्वांस ठाऊक आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध दोष १०९ क्रमांकाच्या पत्त्यावर आहे. बाहेरून तातडीची सूचना आल्यास प्रोसेसरने कोठे जावे हे ठरविणारी ही जागा. ‘मूल्य शून्य असेल तर उडी टाळून परत फीर’ असा अर्थ येथे हवा होता. प्रत्यक्षात अट उलटी पडली आहे. त्यामुळे सूचना हाताळण्याची सोय असूनही ती निरुपयोगी झाली. तेथे ४० हा अंक हवा होता, तेथे ३२ आहे. म्हणजे आठ बिटांपैकी अवघ्या एका बिटाचा फरक आहे. देवनागरीत एखादा अनुस्वार गळावा आणि होकाराचा नकार व्हावा, तसा हा प्रकार आहे.

आता समजा, एखाद्या सज्जन प्रतिकाराने हे ३२ खोडून तेथे ४० लिहिले. यंत्राच्या दृष्टीने प्रत सुधारली. परंतु ती आता १९८२ सालची प्रत राहिली नाही. पाठचिकित्सेचा हा पहिला धडा होय : मूळ लेखकाची चूक हा मूळ पाठाचाच भाग असतो. लेखनिकाची चूक दुरुस्त करावयाची असते. ग्रंथकाराची चूक नोंदवावयाची असते.

याहून उद्बोधक उदाहरण रॉममधील मोकळ्या जागेचे आहे. १४४४६ ते १५६१५ या पत्त्यांमधील १,१७० बाइट कोणत्याही कामाचे नाहीत. ते सर्व २५५ या एकाच अंकाने भरलेले आहेत. पोथीतील कोऱ्या पानांसारखी ही जागा. एखाद्याने तीत आपली उपयुक्त भर घातली तर कोणाचे काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. परंतु अनेक खेळांच्या कर्त्यांनी या कोरेपणाचाच उपयोग करून घेतला होता. ठराविक वेळाने हातचे काम थांबवून प्रोसेसरने कोणत्या पत्त्यावर जावे, याचे कोष्टक स्मृतीत ठेवावे लागते. ते स्वतंत्रपणे मांडण्याऐवजी या मंडळींनी प्रोसेसरला रॉममधील कोऱ्या जागेकडेच बोट दाखविले. तेथे सर्वत्र २५५ असल्यामुळे मिळणारा पत्ता नेहमी ६५५३५ हा, म्हणजे स्मृतीचा अगदी शेवटचा, असे. त्या जागी त्यांनी ‘जवळच उडी घे’ अशा अर्थाचा अंक ठेवला. उडी किती लांब घ्यावयाची हे त्याच्या पुढचा अंक सांगतो. परंतु शेवटच्या पत्त्यापुढे पत्ताच नसल्याने प्रोसेसर फिरून आरंभाकडे, म्हणजे रॉमच्या पहिल्या बाइटाकडे, येतो. तो बाइट २४३ आहे. त्याचा येथे ‘तेरा घरे मागे’ असा अर्थ होतो. अशा रीतीने प्रोसेसर ६५५२४ या पत्त्यावर, खेळकर्त्याला हव्या त्या जागी, पोहोचतो.

या युक्तीत रॉमची कोरी पाने आणि पहिले अक्षर या दोहोंस असा अर्थ प्राप्त झाला, जो रॉमच्या कर्त्याच्या मनात कधीही नव्हता. कोऱ्या जागेत भर घातलेले रॉम घेऊन असा खेळ चालवू गेल्यास तो कोलमडतो, आणि अनभिज्ञ माणूस दोष खेळाच्या प्रतीला देतो. सुधारणेच्या हेतूने केलेला प्रक्षेपही दुसऱ्या ग्रंथाला कसा बाधतो, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल. येथे हेही सांगितले पाहिजे की, सुधारित रॉम तयार करणे हा काही अपराध नव्हे. जाणत्या अभ्यासकांनी असे रॉम रचले आहेत आणि त्यांस स्वतंत्र नावे दिली आहेत. स्वतंत्र नाव दिले की ती भ्रष्ट प्रत न राहता नवी आवृत्ती होते. तेच रॉम मूळ नावाने पुढे गेले, तर मात्र ते भ्रष्ट झाले असे म्हणावे लागते. बाइट तेच, नाव निराळे; आणि निवाडा निराळा.

४

फितींच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. स्पेक्ट्रमचे कार्यक्रम साध्या ध्वनिफितीवर आवाजाच्या रूपाने साठविलेले असत. प्रत्येक भागाच्या शेवटी एक तपासणीचा बाइट असे. आधीच्या सर्व बाइटांचा मेळ त्याच्याशी जमला नाही, तर यंत्र फीत वाचण्यात चूक झाल्याचे सांगून थांबे. वेदपाठकांनी क्रम, जटा, घन इत्यादी पाठांची जी योजना केली, तिच्यामागील तत्त्व याच जातीचे आहे : मजकुरासोबत त्याच्या शुद्धतेची साक्षही पाठवावयाची. अर्थात स्पेक्ट्रमची साक्ष दुबळी आहे. दोन बाइटांत एकाच स्थानी चूक झाली, तर त्या एकमेकींस झाकतात आणि तपासणी निर्वेध पार पडते. घनपाठात शब्द उलटसुलट क्रमाने पुनःपुन्हा येत असल्यामुळे चुकीला लपावयास तितकी जागा उरत नाही.

फितीची प्रत दोन प्रकारांनी ठेवली जाते. एका प्रकारात फितीवरील सर्व भाग, त्यांचा क्रम, आणि टीझेडएक्ससारख्या स्वरूपात तर ध्वनिस्पंदांच्या लांबीसुद्धा, नोंदविल्या जातात. दुसऱ्या प्रकारात कार्यक्रम यंत्रात पूर्णपणे चढल्यानंतर स्मृतीचे एका क्षणाचे चित्र घेतले जाते. हा दुसरा प्रकार सोयीचा आहे. परंतु त्यात फितीचे आरंभचित्र, मजकूर चढविण्याची विशिष्ट रीत, नकलेपासून संरक्षण करण्यासाठी रचलेल्या युक्त्या, हे सर्व गळून जाते. एसएनए नावाच्या अशाच एका स्वरूपाची गोष्ट मोठी मार्मिक आहे. त्याची धारिका ४९,१७९ बाइटांची असते : स्मृतीचे ४९,१५२ आणि नोंदीचे २७. प्रोसेसर त्या क्षणी कोणत्या पत्त्यावर होता ही गोष्ट मात्र या २७ बाइटांत मावलेली नाही. ती खुद्द स्मृतीतच, दोन बाइट पुसून, लिहिली जाते. बहुतेक वेळा त्या दोन बाइटांची गरज नसते. परंतु कधीकधी असते. अर्थात येथे नकलकार कितीही प्रामाणिक असला, तरी नकलेची रीतच पाठात हात घालते. अशा प्रतीस ‘भ्रष्ट’ म्हणणे अन्यायाचे होईल. ‘संक्षिप्त’ म्हणणे योग्य. मात्र ती संक्षिप्त आहे हे वाचकास कळले पाहिजे.

५

तिसरी वस्तू म्हणजे खुद्द वाचक, अर्थात एम्युलेटर. ४८ किलोबाइटच्या स्पेक्ट्रममध्ये पडद्याचे एक चित्र पूर्ण होण्यास प्रोसेसरच्या घड्याळाचे ६९,८८८ ठोके लागतात. या अवधीत स्मृतीच्या एका भागावर प्रोसेसर आणि चित्र काढणारी चकती या दोघांचा हक्क असतो, आणि चकतीचे काम चालू असता प्रोसेसरला थांबावे लागते. हे थांबणे जो एम्युलेटर विचारात घेत नाही, त्याच्यावर बहुतेक खेळ चालतात. परंतु पडद्याच्या कडेला रंगांच्या रेघा उमटविणारे नाजूक कार्यक्रम विस्कटतात. प्रत शुद्ध, वाचन अशुद्ध, असा हा प्रकार होय.

वाचनाच्या शुद्धाशुद्धतेचा निर्णय करताना मात्र कोणत्या यंत्राचे वाचन अपेक्षित आहे, हे आधी ठरविले पाहिजे. कारण स्पेक्ट्रमचा वंशवृक्ष मोठा आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये टायमेक्स कंपनीने जे २०६८ नावाचे यंत्र काढले, त्याचे रॉम इतके बदललेले होते की स्पेक्ट्रमचे बहुसंख्य कार्यक्रम त्यावर चालेनात. भारतात डेसिबेल्स या कंपनीने १९८६ मध्ये परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ आणला. रशियात परवान्यावाचून बनलेल्या पेंटॅगॉन नावाच्या नकलेत एका चित्रास ७१,६८० ठोके लागतात, आणि प्रोसेसरला थांबविण्याची भानगड तीत नाही. कायद्याच्या दृष्टीने पेंटॅगॉन हा अनौरस. परंतु पुढे खास त्याच्यासाठी शेकडो कलाकृती रचल्या गेल्या, आणि त्यांच्या दृष्टीने पेंटॅगॉनचे वाचन हेच प्रमाण होय. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत असता डॉ. सुखठणकरांनी उत्तरेकडील व दक्षिणेकडील शाखांची छाननी केली, ती एका शाखेचा पाठ दुसऱ्या शाखेच्या मापाने खोटा ठरविण्यासाठी नव्हे. प्रत्येक पाठ कोठून आला हे दाखविणे, आणि संहितेत न घेतलेला मजकूरही तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवणे, ही त्या आवृत्तीची शिस्त आहे.

२००० साली सुरू झालेल्या टोसेक या सूचीप्रकल्पाने जुन्या सॉफ्टवेअरच्या प्रतींना जोडावयाच्या खुणांची जी पद्धत ठरविली आहे, तीत या शिस्तीची ओळखण्याजोगी छाया दिसते. संरक्षण तोडलेली प्रत, दुरुस्त केलेली, फेरफार केलेली, खेळाडूस सवलती देणारी, अनुवादित, विषाणुबाधित, नुसतीच बिघडलेली, अशा प्रत्येक प्रकारास तेथे निराळी खूण आहे. ‘दुरुस्त केलेली’ ही खूण विशेष महत्त्वाची. कारण सुधारणा हाही एक बदलच आहे, ही जाणीव तीत आहे. या पद्धतीची उणीव अशी की, ती प्रतीची अवस्था सांगते, वंश सांगत नाही. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, हे खुणेवरून कळत नाही. त्यामुळे सूची उत्तम असूनही तिच्यावरून वंशवृक्ष मांडता येत नाही.

६

वंश ओळखण्याचे साधन पाठचिकित्सेस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दोन प्रतींत एकच निरर्थक गोष्ट आढळली, तर त्यांचा संबंध सिद्ध होतो. अमेरिकेत ॲपल कंपनीने फ्रँकलिन या कंपनीविरुद्ध जो दावा लावला, त्याचा अपिलातील निकाल १९८३ मध्ये लागला. फ्रँकलिनच्या संगणकातील आज्ञावलीत ॲपलच्या एका आज्ञावलीकाराचे नाव आणि ‘ॲपलसॉफ्ट’ हा शब्द जसाच्या तसा सापडला होता. यंत्राच्या कामास त्या नावाची काहीच गरज नव्हती. म्हणूनच ते नकलेचा बिनतोड पुरावा ठरले. रॉममध्ये कोरलेल्या आज्ञावलीसही कॉपीराइटचे संरक्षण आहे, असे त्या निकालाने ठरविले.

या पार्श्वभूमीवर स्पेक्ट्रमच्या रॉमचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय ॲमस्ट्रॅड कंपनीने ५० लाख पौंडांस विकत घेतला. १९९९ मध्ये त्या कंपनीच्या वतीने जाहीर करण्यात आले की, एम्युलेटरच्या कर्त्यांनी आपल्या एम्युलेटरसोबत रॉमची प्रत द्यावयास कंपनीची हरकत नाही. अट एवढीच की, रॉममधील कॉपीराइटचा उल्लेख बदलू नये. यंत्र सुरू करताच पडद्याच्या तळाशी १९८२ या सालासह सिंक्लेअर रिसर्चचे नाव उमटते, तो हा उल्लेख. पैशाची अट नाही, संख्येची नाही. अट पुष्पिकेची आहे. पोथीच्या शेवटी लेखक, लेखनिक, शक आणि स्थळ सांगणारी पुष्पिका ज्याने खरवडली, त्याने अक्षर न अक्षर बरोबर उतरले असले तरी पोथीचा घात केला, असेच कोणताही संशोधक म्हणेल. मुद्दाम असो वा नसो, कायद्याने येथे पाठचिकित्सेचीच कसोटी स्वीकारली आहे.

एम्युलेटरच्या आज्ञावलीविषयीही हेच दिसते. फ्यूज नावाचा स्पेक्ट्रमचा एम्युलेटर जीपीएल या सार्वजनिक परवान्याखाली प्रसृत होतो. या परवान्याच्या १९९१ च्या आवृत्तीत कोणासही फेरफार करण्याची मोकळीक आहे. परंतु फेरफार केल्याची ठळक नोंद तारखेसह ठेवण्याचे बंधन आहे, आणि दुसऱ्याने केलेल्या दोषाचा बोल मूळ कर्त्यास लागू नये, हे कारणही तेथे दिले आहे. एखाद्या एम्युलेटरमध्ये जाहिराती किंवा अपायकारक आज्ञावली मिसळून तो मूळ नावाने वाटणारा माणूस नेमके हेच बंधन मोडतो. त्याने बदल केला हा त्याचा मुख्य अपराध नव्हे. बदल लपविला आणि दुसऱ्याच्या नावावर खपविला, हा अपराध होय.

मराठीत याच्या उलट टोकाचा दाखला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. त्यांच्या प्रतीच्या अखेरीस या कार्याचा काळ नोंदविला असून, ग्रंथात पुढे कोणी आपली ओवी घालू नये असे कडक शब्दांत बजावले आहे. पुष्पिका निर्दोष आहे. परंतु कोणत्या ओव्या पालटल्या याची नोंद तीत नाही. परिणामी एकनाथपूर्व पाठाचा शोध पुढील पिढ्यांस घ्यावा लागला, आणि १९०९ मध्ये राजवाड्यांनी आपली जुनी प्रत प्रसिद्ध केल्यावर पाठांविषयी जो वाद माजला, त्याचे मूळ या अनुल्लेखात आहे. नाथांच्या हेतूविषयी वा अधिकाराविषयी कोणासच शंका नाही. तथापि अधिकारी पुरुषाची शुद्धीसुद्धा नोंदीवाचून अपुरी ठरते, आणि निव्वळ निषेधाने पाठाचे रक्षण होत नाही, हे यावरून ध्यानात येते.

७

येथे असा आक्षेप घेता येईल की, संगणकीय प्रतींना पुष्पिकेची गरजच काय? प्रत्येक धारिकेतून गणिताने एक मुद्रांक काढता येतो. दोन धारिकांचे मुद्रांक जुळले की त्या एकच. आक्षेपात तथ्य आहे, परंतु मर्यादित. मुद्रांक दोन प्रती समान आहेत एवढेच सांगतो; त्यांतील मूळ कोणती, किंवा दोन्ही एकाच भ्रष्ट प्रतीवरून उतरल्या आहेत काय, हे तो सांगत नाही. शंभर प्रती एकमुखाने एक पाठ देतात म्हणून तो खरा ठरत नाही. साक्षी मोजावयाच्या नसून तोलावयाच्या असतात. शिवाय मुद्रांकाची शाश्वतीही कालसापेक्ष आहे. एमडी५ या पद्धतीत एकच मुद्रांक असलेल्या दोन भिन्न धारिका बनविता येतात हे २००४ मध्ये, आणि एसएचए-१ या पद्धतीत तसे करता येते हे २०१७ मध्ये, प्रत्यक्ष दाखविण्यात आले. म्हणून मूळ फीत कोणती, ती कोणत्या यंत्राने वाचली, केव्हा वाचली, आणि दुसऱ्या स्वतंत्र फितीशी ती जुळली काय, ही माहिती मुद्रांकासोबत असावी लागते. ती असेल तर मुद्रांकाला अर्थ. नसेल तर तो केवळ अंक.

८

हा प्रश्न परदेशी खेळांपुरता नाही, हे शेवटी सांगितले पाहिजे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या जिस्ट तंत्रामुळे सामान्य पीसीवर, एक स्वतंत्र कार्ड बसवून, देवनागरी वापरणे शक्य झाले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरले. तथापि मराठी मुद्रणाचा मोठा व्यवहार पुढील कित्येक वर्षे निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांवर चालला. त्यांत अंक अक्षरांचे नसून अक्षरांच्या तुकड्यांचे असत, आणि प्रत्येक कंपनीची वाटणी निराळी असे. त्या काळातील पुस्तके, प्रबंध आणि कोशांच्या धारिका आज योग्य टंकावाचून उघडल्या तर रोमन अक्षरांची निरर्थक गर्दी दिसते. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर केले जाते. परंतु रूपांतर करणारी आज्ञावली ऱ्य आणि र्य यांतील भेद पुष्कळदा गमावते. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, यांतील अंतर मराठी वाचकास सांगावयास नको. स्वयंपाकी विद्यापीठात जाऊन बसतो, आणि डोंगरातील दऱ्यांचा समुद्र होतो.

अशा प्रसंगी निर्णय कोण करील? जुना संगणक मोडलेला, कार्ड भंगारात गेलेले, टंक विकणारी कंपनी बदललेली. उरतो तो मूळ धारिका मूळ आज्ञावलीसह पुन्हा वाचून दाखविणारा एम्युलेटर. त्याची प्रत विश्वसनीय असेल तरच त्याची साक्ष ग्राह्य धरता येईल. पीसीचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावलीत जिस्टचे कार्ड आपोआप येत नाही. ते वेगळे, त्याच काळजीने, उतरवून ठेवावे लागेल. आणि ज्या दिवशी मूळ यंत्रांपैकी एकही चालू स्थितीत राहणार नाही, त्या दिवसापासून एम्युलेटर ज्या प्रकारे वाचील तोच मूळ पाठ मानला जाईल; त्याला आव्हान देणारा दुसरा साक्षीदार नसेल.

वरील विवेचनावरून भ्रष्ट प्रतीचे लक्षण असे बांधता येईल : ज्या प्रतीत बदल झाला आहे पण त्याची नोंद नाही, ती भ्रष्ट, मग ती हक्काने दिलेली असो वा हक्कावाचून, सुधारलेली असो वा बिघडलेली. आपण कोणावरून उतरलो आणि उतरताना काय गळले वा वाढले, हे जी प्रत स्वतः सांगते, ती सदोष असली तरी अभ्यासकाच्या उपयोगाची आहे. प्रत वाटण्याचा अधिकार कायद्याने मिळतो व मुदत संपताच सरतो. पुष्पिकेला मुदत नाही. मराठी विभागांनी आणि ग्रंथालयांनी आपल्या जुन्या धारिका ज्या टंकांसह, ज्या आज्ञावलींसह आणि ज्या यंत्रांवर तयार झाल्या, त्या सर्वांची नोंद आताच करून ठेवावी. ती यंत्रे वापरलेली माणसे अद्याप हयात आहेत, आणि त्यांना विचारता येते.